रेवस ते रेडी : सागरी मार्गावरचे पक्षी

मुंबईहून गोव्याला जाण्याचे दोन रस्ते आहेत. एक पनवेल, महाड, चिपळूणमार्गे जाणारा राष्ट्रीय महामार्ग. त्याच्याविषयी कोकणी माणूस काय बोलतो, हे सर्वश्रुत आहे. दुसरा रस्ता समुद्राचे बोट धरून जातो. रायगड जिल्ह्यातील रेवसपासून सिंधुदुर्गाच्या टोकाला असलेल्या रेडीपर्यंतचा हा सागरी मार्ग कागदावर कित्येक दशके अखंड आहे आणि प्रत्यक्षात अनेक ठिकाणी खाडीच्या काठाशी येऊन थांबतो. पलीकडे जायचे तर फेरीबोटीची वाट पाहावी लागते, नाहीतर आत वळून तास-दोन तासांचा फेरा घ्यावा लागतो. ज्याला वेळेत पोहोचायचे आहे त्याला हा खोळंबा नकोसा वाटतो. ज्याच्या गळ्यात दुर्बीण आहे, त्याच्या दृष्टीने मात्र या मार्गाचा सर्वोत्तम भाग तोच असतो.

महाराष्ट्राच्या किनाऱ्याची लांबी पुस्तकांतून ७२० किलोमीटर अशी दिली जाते. सह्याद्रीत उगम पावलेल्या आखूड, वेगवान नद्या या किनाऱ्याला जागोजागी छेदतात आणि प्रत्येक मुखाशी एक खाडी तयार होते. सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी, शास्त्रीची जयगड खाडी, काजळी, मुचकुंदी, वाघोटन, कर्ली, तेरेखोल ही नावे घेत गेले की प्रवासाचा नकाशाच तयार होतो. खाडीच्या दोन्ही अंगांना तिवर, चिप्पी, कांदळ यांची वने, त्यांच्या पायथ्याशी ओहोटीला उघडी पडणारी खाजणे, मुखाशी वाळूचा दांडा आणि बाहेर खडकाळ भूशिर अशी रचना बहुतेक ठिकाणी आढळते. काही किलोमीटरांच्या अंतरात पक्ष्यांच्या अधिवासांचे चार-पाच प्रकार एकत्र येण्याचे भाग्य फार थोड्या रस्त्यांना लाभते.

या रस्त्यावर निघणाऱ्याने गाडीच्या टाकीआधी पंचांग पाहावे. किनाऱ्यावरचे पक्षी घड्याळावर नव्हे, भरती-ओहोटीवर जगतात. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात चिखले, तुतवार, कोरल आदी पक्षी किडे, शिंपले, खेकडे टिपत दूरवर पसरतात; तेव्हा ते दुर्बिणीतही ठिपक्यांएवढेच दिसतात. भरतीचे पाणी चढू लागले की तेच पक्षी मागे रेटले जातात आणि उरलेल्या कोरड्या पट्ट्यावर थव्याथव्यांनी गोळा होतात. म्हणून भरतीच्या आधीचे आणि नंतरचे दोन-दोन तास निरीक्षणासाठी उत्तम. भरतीची वेळ काढण्याची कोळी बांधवांची जुनी रीत आजही कामाला येते : तिथीची पाऊणपट करावी. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला आणि अमावास्येला बाराच्या आसपास. यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो आणि दक्षिणेकडे जाताना तो बदलतो. परंतु मुक्काम कोठे आणि कधी करावा, हे ठरवण्यास एवढा हिशेब पुरेसा आहे. दशमी-एकादशीच्या सुमारास निघाले तर सकाळच्या कोवळ्या उन्हात पाणी ओसरताना दिसते, ही त्यातील खुबी.

प्रवासाची सुरुवात मुंबईतच होते. हिवाळ्यात शिवडी आणि ठाणे खाडीच्या चिखलावर रोहित पक्ष्यांची गुलाबी चादर पसरते. ठाणे खाडीला २०१५ मध्ये रोहित अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू शिवडीच्या याच चिखलावरून पलीकडे झेपावतो. त्यावर गाडी थांबवण्यास मनाई असल्याने रोहित पाहायचे तर सेतूवर चढण्यापूर्वी पाहून घ्यावेत. शहराच्या इतक्या निकट राहण्याची किंमतही हे पक्षी मोजत आहेत. मे २०२४ मध्ये घाटकोपरजवळ उतरणाऱ्या विमानाची धडक बसून ३९ रोहित मृत्युमुखी पडले होते.

सेतू नको असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट २०२० पासून उपलब्ध आहे. गाडी बोटीत चढवून कठड्याशी उभे राहिले की कुरव पक्ष्यांचा थवा सोबत येतो. तपकिरी डोक्याचे कुरव लडाख, तिबेट आणि मध्य आशियातील उंचावरच्या सरोवरांकाठी वीण करून हिवाळ्यात येथे उतरतात. प्रवासी त्यांना शेव-गाठ्या फेकतात आणि पक्षी हवेतल्या हवेत ते झेलतात. दृश्य मोठे मनोहर असते. पण हजारो किलोमीटर उडून आलेल्या मत्स्याहारी पक्ष्याला तळलेले बेसन भरवण्यात कौतुक ते कोणते?

मांडव्यापुढे किहीम लागते. भारतीय पक्षिशास्त्राच्या इतिहासात या छोट्या गावाचे स्थान मोठे आहे. १९३० च्या पावसाळ्यात सालिम अली यांनी येथे राहून सुगरण पक्ष्यांचे सलग निरीक्षण केले. नर अर्धे घरटे विणतो, मादी ते पाहून पसंत करते, मग नर ते पूर्ण करतो आणि मादी अंड्यांवर बसली की दुसरे घरटे विणायला घेऊन दुसऱ्या मादीची मनधरणी करू लागतो, हे त्यांनी येथे नोंदले. त्यापूर्वी सुगरणीच्या संसाराची ही रीत कोणी नीट उलगडली नव्हती. किहीमच्या वाड्यांतून आता बंगले आणि तरणतलाव उभे राहिले आहेत, तरी भातखाचरांच्या कडेच्या शिंदीच्या झाडांवर पावसाळ्यात लोंबती घरटी अजूनही आढळतात.

अलिबागच्या दक्षिणेला आक्षी आणि नागाव येथील सपाट पुळण हिवाळ्यात कुरव, सुरय आणि चिखल्यांनी गजबजते. मराठीतील आद्य शिलालेखांत ज्याची गणना होते तो शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा लेखही आक्षीचाच. सुट्टीच्या दिवशी मात्र या पुळणीवर घोडागाड्या आणि वाळूवर धावणाऱ्या मोटारी यांची इतकी वर्दळ असते की पक्षी पाहायचे तर दिवस उजाडताच गाठावे. रेवदंड्याची खाडी ओलांडून काशीदकडे जाताना डावीकडे फणसाडचे जंगल सुरू होते. जंजिऱ्याच्या नवाबाचे हे शिकारीचे राखीव रान १९८६ मध्ये अभयारण्य झाले. समुद्राच्या एवढ्या जवळ शेकरू, धनेश आणि स्वर्गीय नर्तक पाहण्याची सोय अन्यत्र विरळाच.

मुरुडच्या पुढे आगरदांडा येथे पहिली फेरीबोट. पलीकडे दिघी, मग दिवेआगर. दिवेआगर ते श्रीवर्धन हा आरावी-शेखाडीमार्गे जाणारा रस्ता संपूर्ण सागरी मार्गावरील सर्वांत रमणीय तुकड्यांपैकी एक होय. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला लाटा आणि मधे जेमतेम दोन गाड्यांपुरता डांबरी पट्टा. खडकांवर करडा किंवा पांढरा समुद्र बगळा एकटाच उभा दिसतो. एकाच जातीत हे दोन्ही रंग असतात, हे ठाऊक नसल्याने नवखे निरीक्षक त्याची दोन वेगळे पक्षी म्हणून नोंद करतात.

श्रीवर्धनहून थोडी वाट वाकडी केली तर म्हसळा तालुक्यातील चिरगाव लागते. नव्वदच्या दशकापासून देशभरातील गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश मृत जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जातो आणि त्याची मूत्रपिंडे निकामी होतात. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. त्याच जातकुळीतील ॲसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन यांवरील बंदी २०२३ मध्ये झाली. या पडझडीच्या काळात महाडच्या सीस्केप संस्थेने प्रेमसागर मेस्त्री यांच्या पुढाकाराने चिरगावात ग्रामस्थांना सोबत घेऊन गिधाडांची घरटी राखली आणि मृत जनावरे सुरक्षितपणे उपलब्ध करून देण्याचे काम चिकाटीने केले. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-म्हसळा पट्ट्यातील असंख्य मोठी झाडे उन्मळून पाडली. उंच, जुन्या झाडावरच घरटे करणाऱ्या पक्ष्यांना ही हानी नव्या लागवडीतून लवकर भरून मिळणारी नाही. सुपारीची बाग काही वर्षांत पुन्हा उभी राहते, गिधाडाला पेलणारे झाड उभे राहण्यास दोन पिढ्या लागतात.

हरिहरेश्वराजवळच्या बागमांडल्याहून वेश्वीला जाणारी फेरीबोट सावित्रीच्या मुखावरून जाते. येथून रत्नागिरी जिल्हा सुरू होतो आणि समुद्री गरुडाचे राज्यही. पांढरे डोके व पोट, राखाडी पंख आणि पाचरीसारखी आखूड शेपटी असा हा रुबाबदार पक्षी पंख किंचित वर उचलून तरंगतो; ब्राह्मणी घारीहून तो पुष्कळ मोठा असतो. मासे आणि समुद्रसर्प हे त्याचे खाद्य. किनाऱ्यालगतच्या आंबा, वड, सुरू अशा उंच झाडावर काटक्यांचे घरटे बांधून वर्षानुवर्षे त्याचीच डागडुजी करण्याची त्याची रीत आहे. त्यामुळे एखादे झाड तोडले जाते, तेव्हा एका जोडप्याचा पिढीजात वाडाच जातो.

वेश्वीपासून जवळच असलेले वेळास हे नाना फडणवीसांचे मूळ गाव. आज ते ओळखले जाते कासवांमुळे. या कासवांचा शोधही पक्ष्यांनीच लावून दिला असे म्हणावे लागेल. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे व त्यांचे सहकारी समुद्री गरुडाच्या अभ्यासासाठी या किनाऱ्यावर फिरत असताना त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफले आढळली. चौकशी केली तेव्हा अंडी सर्रास उकरून नेली जातात, हे समजले. २००२ पासून गावकऱ्यांच्या मदतीने ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी संरक्षित करण्यास प्रारंभ झाला. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात सकाळ-संध्याकाळ ती समुद्रात सोडण्याचा सोहळा पाहण्यासाठी शहरांतून माणसे येतात, गावातील घरांतच उतरतात, आणि या पाहुणचारातून गावाला चार पैसे मिळतात. निसर्गरक्षणाचे पुष्कळ प्रयोग परिसंवादात यशस्वी होतात. हा वाळूवर यशस्वी झाला.

केळशी आणि आंजर्ले मागे टाकून हर्णै गाठावे ते दुपार कलताना. सुवर्णदुर्गाच्या साक्षीने पुळणीवर मासळीचा लिलाव चाललेला असतो. बैलगाड्या, टोपल्या, बोली लावणाऱ्या कोळिणी आणि या साऱ्यावर घिरट्या घालणाऱ्या ब्राह्मणी घारी व कुरव. पक्षी ओळखण्याचे प्राथमिक शिक्षण घेण्यास याहून चांगली शाळा नाही, कारण पक्षी हातभर अंतरावर येतात आणि लिलावाच्या गडबडीत माणसांची फिकीर करीत नाहीत. कुरव आणि सुरय यांतील फरक येथे उभ्या उभ्या समजतो. कुरव अंगाने भरदार, पाण्यावर बसणारा आणि उकिरड्यावरही पोट भरणारा. सुरय सडपातळ, दुभंगल्या शेपटीचा, हवेत क्षणभर थबकून चोच खाली करून सूर मारणारा. त्याचे नाव तेथूनच आले असावे असे वाटते.

दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३ मध्ये सुरू झाली. दापोली आणि गुहागर हे समोरासमोरचे दोन तालुके तोवर चिपळूणच्या वळशाने जोडलेले होते. त्यानंतर इतर खाड्यांवरही अशा बोटी आल्या. कोकणात तिला जंगलजेटी म्हणतात. बोट संथ चालते, इंजिनाचा आवाज एकसुरी असतो आणि खाडीच्या ऐन मध्यावरून दोन्ही काठांची कांदळवने नजरेत येतात. काठावरून जे दिसत नाही ते येथून दिसते. काळ्या टोपीचा खंड्या, पंख वाळवीत बसलेले पाणकावळे, गाळात पाय रोवून उभे असलेले कोरल अशी नोंदवही भरत जाते.

या बोटींचे दिवस आता भरत आले आहेत. रेवस-रेडी मार्गाची कल्पना बॅ. अंतुले यांच्या नावाशी निगडित आहे, आणि तिचा ध्यास कोकणाने चार दशकांहून अधिक काळ घेतला आहे. राज्य रस्ते विकास महामंडळाने मोठ्या खाड्यांवर पूल बांधण्याचे काम हाती घेतले आहे. स्थानिकांच्या दृष्टीने ही मागणी रास्तच. अडलेल्या बाळंतिणीला रात्री बोट बंद झाल्यावर पलीकडच्या इस्पितळात न्यायचे कसे, या प्रश्नाला पर्यटकाच्या रम्यतेचे उत्तर देता येत नाही. प्रश्न पुलाचा नसून त्याच्या दोन्ही टोकांना काय होते, याचा आहे. जोडरस्त्यासाठी खाजणात भराव पडला की भरतीच्या पाण्याची वाट अडते, आणि पाणी न मिळालेले कांदळवन न तोडताही मरते. कांदळवने तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये मनाई केली; २०१२ मध्ये राज्याने स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला; पांढऱ्या चिप्पीला २०२० मध्ये राज्य कांदळवृक्षाचा मानही मिळाला. संरक्षणाची चौकट अशी तयार आहे. पूल खांबांवर उभा राहतो की भरावावर, याकडे मात्र उद्घाटनाच्या दिवशी कोणी पाहत नाही.

गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, मग तवसाळहून बोटीने जयगड आणि पुढे गणपतीपुळे. रत्नागिरीच्या अलीकडे आरे-वारे येथील घाटमाथ्यावरून दिसणारे दोन अर्धचंद्राकृती किनारे छायाचित्रकारांचे आवडते आहेत; पक्षिनिरीक्षकाने त्यांच्या मागच्या बाजूला, जांभ्याच्या सड्यावर जावे. उन्हाळ्यात करपलेला, ओसाड वाटणारा सडा पावसाळ्यात रानफुलांनी आणि डबक्यांनी जिवंत होतो. चंडोल, डोंबारी, टिटवी हे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. सरकारदरबारी अशा जमिनीची नोंद बहुधा पडीक म्हणून होते आणि मग ती प्रकल्पांसाठी सर्वांत आधी सुचते. याच सड्यांवरील कातळशिल्पांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत समावेश झाला, त्यामुळे सड्यांकडे पाहण्याची दृष्टी थोडी बदलली आहे. चंडोलाच्या घरट्याने ती बदलली नसती.

भाट्ये, पावस, पूर्णगड, जैतापूर करीत वाघोटन ओलांडली की विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग जिल्हा. देवगड, कुणकेश्वर, आचरा हा टप्पा घाईने उरकू नये. आचऱ्यापासून मालवणपर्यंत खाड्यांचे पाणी माडांच्या रांगांतून आत शिरते आणि रस्ता सतत कोणत्या ना कोणत्या पुलावर असतो. मालवणच्या समुद्राला १९८७ मध्ये सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला. परंतु तळकोकणातील खरा मानकरी किनाऱ्यावर नाही, तो थोडा आत, देवराईत आणि जुन्या बागांत राहतो. मलबारी कवड्या धनेशाला काही ठिकाणी लोक गरुडच म्हणतात. पिवळसर चोचीवर काळा डाग असलेले मोठे शिरस्त्राण, काळे-पांढरे अंग आणि उडताना पंखांचा होणारा घोष यांमुळे तो दिसण्याआधी ऐकू येतो. वड-पिंपळाची फळे त्याला प्रिय. माणसाला विषारी असलेला काजराही तो पचवतो. विणीच्या काळात मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा व चिखलाने तोंड लिंपून स्वतःला कोंडून घेते. एक फट तेवढी राहते. त्या फटीतून नर आठवडेन् आठवडे फळे भरवत राहतो. या काळात नराला काही झाले तर आतले कुटुंबही संकटात येते. ढोली असलेले झाड लाकडाच्या व्यापाऱ्याला निरुपयोगी आणि धनेशाला अमूल्य असते. देवराईवर देवाचा धाक आहे, खासगी बागेत तोही नाही.

प्रवासाच्या अखेरच्या टप्प्यावर वेंगुर्ले आहे. बंदराबाहेर समुद्रात खडकाळ बेटांचा एक पुंजका दिसतो. वेंगुर्ला रॉक्स या नावाने तो नौकानयनाच्या नकाशांवर आहे आणि त्यावर दीपगृह आहे. पक्षिशास्त्राच्या दृष्टीने भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील ही अत्यंत महत्त्वाची जागा होय. सुरय पक्ष्यांच्या वसाहती येथे होतात. येथील एका बेटाच्या गुहेत भारतीय पाकोळ्या आपल्या लाळेची घरटी भिंतींना चिकटवतात. संपूर्ण काळोखात टकटक असा ध्वनी काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून त्या वाट काढतात, वटवाघळांप्रमाणे. हुमायून अब्दुलअली यांनी १९४२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून येथील सुरय आणि पाकोळ्यांविषयी लिहिले होते. लाळेच्या या घरट्यांना पूर्व आशियात सूपसाठी मोठी किंमत येते. शतकाच्या वळणावर सह्याद्री निसर्ग मित्रचे कार्यकर्ते गुहेत पोहोचले तेव्हा घरटी खरवडून नेण्यासाठी बांबूच्या पराती बांधलेल्या त्यांना आढळल्या. त्यानंतर वन विभागाच्या साहाय्याने पहारा बसवण्यात आला आणि चोरीला आळा बसला. हौशी पर्यटकाने या गुहेत जाऊ नये. विणीच्या काळात माणसाची चाहूलही पुरेशी घातक ठरते. वेंगुर्ल्याच्या बंदरावरील टेकडीवरून दुर्बिणीने बेटे पाहता येतात, संध्याकाळी आकाशात पाकोळ्यांची धावपळही दिसते.

वेंगुर्ल्याहून शिरोडा आणि पुढे रेडी. तेथे महाराष्ट्र संपतो. समोर तेरेखोलचा किल्ला गोव्याचा.

या प्रवासाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. कासवे पाहायची असल्यास मार्च धरावा. सहा-सात दिवस तरी हाताशी असावेत, आणि दिवसाला शंभर किलोमीटरांहून अधिक अंतर योजू नये. आठ किंवा दहा पट मोठे दाखवणारी दुर्बीण पुरते, मात्र खाजणातील लहान तुतवारांसाठी तिवईवरची दूरदर्शी असल्यास बरे. बोटींच्या वेळा ऋतूनुसार बदलतात, पावसाळ्यात अनिश्चित असतात. शेवटची फेरी किती वाजता, हे आदल्या मुक्कामीच विचारून घ्यावे. ई-बर्ड किंवा मर्लिन ही ॲप नावे सांगतात ती इंग्रजी वळणाची. मराठी आणि स्थानिक नावांसाठी दिवंगत मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षीकोश’ सोबत ठेवावा. खाडीकाठच्या म्हाताऱ्या कोळ्याशी बोलताना तो अधिक उपयोगी पडतो. गाडी पुळणीवर उतरवू नये. चिखल्यांची अंडी वाळूच्याच रंगाची असतात, आणि चाकाखाली आल्यावरही ती दिसत नाहीत.